पाणी पाजायची शीळ

रोज पहाटे अंघोळ झाली की मी वहीत एक पान रामनाम लिहिते. पान भरलं की खाली थोडी जागा उरते, तिथं आदल्या दिवसाच्या चार ओळी. कोण आलं, कोण गेलं, म्हैस आटली, लेकीचा फोन आला. परवा जुन्या वह्या उन्हात टाकायला काढल्या आणि चाळत बसले. गेल्या दोन वर्षांत एक वाक्य जागोजाग दिसलं. ‘मुंजाजी भावजींनी शीळ घातली.’ कधी त्याच्यापुढं ‘आज लवकर’, कधी ‘आज दोनदा’. शिवरात्रीपासून पुढं मात्र ते वाक्य कुठंच नाही. म्हणून त्यांच्याबद्दल सलग लिहावं असं वाटलं.

मुंजाजी माझे चुलत दीर. मानवतहून पाथरीकडं जाताना डांबरी सोडून दोन-अडीच किलोमीटर आत आमचं गाव. त्यांची आमची मधली भिंत एकच. भिंतीपलीकडं दोन खोल्या, अंगण, आणि अंगणात बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी. बैल सासऱ्यांच्या काळात होते. आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो, तासाभरात रान नांगरून जातो. डोणीत पाचोळा साचलेला. तरी आखातातून परत आल्यापासून भावजी रोज उजाडताना त्या कोरड्या डोणीपाशी उभे राहायचे आणि शीळ घालायचे.

ही शीळ आता पोरांना माहीत नसेल. औत सोडून बैल पाण्यावर आणला की तो लगेच तोंड लावत नाही. मग गडी बाजूला उभा राहून लांब, हळूहळू उतरत जाणारी शीळ घालतो. बैल मान खाली घालतो आणि शीळ चालू असेतोवर पीत राहतो.

समोरच्या सुमनबाई म्हणायच्या, “बैल न्हाई, बारदाना न्हाई, हे बाबा पाणी कुणाला पाजायलेत?”

“सवय असते एखाद्याला,” मी म्हणायचे.

“सवय मला बी हाय. मी म्हैस इकल्यावर रिकाम्या दाव्यापाशी चरवी घिऊन बसले का?”

हसू यायचं. पण पलीकडं शीळ संपली की जी शांतता पडायची ती ऐकून हसू टिकत नसे.

भावजी तरणेपणी पट्टीचे पोहणारे. पंचक्रोशीत कुणाची बादली विहिरीत पडो, मोटर पडो, बैल पडो, सांगावा मुंजाजीला. वयाच्या पंचेचाळिशीत ते परभणीच्या एका एजंटाच्या हातून आखातात गेले. त्या शहराचं नाव किती वेळा कानावर आलं पण माझ्या तोंडात बसलं नाही. गेले होते सेंट्रिंगच्या कामाला. तिथं एकदा पाण्याच्या टाकीत मोटर पडली. बाकीचे दोर शोधत होते तोवर यांनी बुडी मारून ती वर आणली. कुणा साहेबानं ते पाहिलं आणि आठवड्यात त्यांची बदली झाली डॉल्फिनच्या खेळावर. टाकीच्या भिंती पाण्यात उतरून घासायच्या, मासळी कापून बादल्या भरायच्या. जाऊबाईंनी, म्हणजे छबूबाईंनी, गल्लीत साखर वाटली होती. “सावलीतलं काम लागलं म्हणं.”

अकरा वर्षं ते तिथं होते. दोनदा आले. आठव्या वर्षी छबूबाई गेल्या, तेव्हा आले नाहीत. अग्नी छबूबाईंच्या भावानं दिला. लेक पंकजा पूर्णेला, रेल्वेतल्या माणसाला दिलेली. रस्ता फार लांबचा नाही, पण आईच्या तेराव्यानंतर तिनं या घरात पाऊल टाकलं नाही. बाप आला तेव्हाही नाही. भावजींनी तिच्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्या अकरा वर्षांबद्दलही कुणाला काही सांगितलं नाही.

लोकांना मात्र ऐकायची हौस. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष लिंबाजी तर मागंच लागायचा. चाळिशीचा उत्साही माणूस, मनानं वाईट नाही. एकदा महादेवाच्या पारावर मी वाती वळत बसले होते, तर हा मोबाईल घेऊन भावजींसमोर आला.

“काका, हे बघा तुमचा मासा! कड्यातून उडी मारायलाय. अन् तोंड बघा, कसं हसायलंय बेटं!”

भावजींनी मोबाईलकडं पाहिलं. “मासा न्हाई त्यो. म्हशीवानी पिलाला दूध पाजतंय ते. अन् हसत बी न्हाई. तोंडच तसं दिलंय देवानं.”

“म्हंजे?”

“म्हंजे मेलं तरी तसंच दिसतंय.”

ते उठून गेले. गावाला सगळं आखात म्हणजे दुबईच. लिंबाजी माझ्याकडं बघून म्हणाला, “काकू, काका दुबईहून काय घिऊन आले ठावूक न्हाई, पन जीभ तिथंच ठिऊन आले.”

आता आडाचं सांगते, कारण सगळं त्याच्यापासून घडलं.

महादेवाच्या देवळामागं जुना आड आहे. इतका अरुंद की दोन बायांच्या घागरी एकदम वर आल्या तर एकमेकींवर आपटायच्या. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी त्यात कासव सोडलं. आडात कासव असलं की पाणी निर्मळ राहतं असं जुनी माणसं म्हणतात. शिवाय महादेवापुढं दगडाचं कासव असतंच, हे जितं. तेव्हा तळहाताएवढं होतं. दिवसभर बाया पाण्यावर, पोरं वाकून बघायची, कुणी भाकरी टाकायचं. मग नळ आला. रहाट गेला, पोहरे गेले, आडावर लोखंडी जाळी बसली. बघणारी मी एकटी राहिले.

मी रोज पूजा झाली की जाळीतून भाकरीचा तुकडा कुस्करून टाकायचे. एकादशीला मात्र भगर नाहीतर साबुदाणा. माझा उपास असताना देवाच्या कासवाला भाकरी कशी घालणार? खाली अंधारात काहीतरी हलायचं, पाण्यावर एक गोल उठायचा. मी तिथं उभी राहून मनातलं बोलायचे. मालक शेतात, दोन्ही लेकरं दूर. बोलायचं तरी कुणाशी.

लेक निकिता, लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती तिच्या, कूस उजवत नव्हती. त्या जाळीपाशी मी पदर पसरून बोलले, “लेकीच्या मांडीवर लेकरू दे. तुला या अंधारातून काढून चांगला हौद बांधीन.” नातू झाला. आता दीड वर्षाचा आहे.

नवस बोललेला कमिटीला सांगितला तर लिंबाजीनं डोक्यावरच घेतलं. “नुसता हौद कशाला, काकू? निळी फरशी लावू, कारंजं लावू, रंगीत लाईट. लोकाइला वरून दर्शन घेता यावं अशी काच बसवू. शिवरात्रीला वाजतगाजत कूर्मदेव हौदात!” मला भरून आलं. मग प्रश्न आला की रोजची देखभाल कोण करणार. आणि मीच म्हणाले, “मुंजाजी भावजी आहेत ना. पाण्यातल्या जिवाचं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?”

मला खरंच वाटलं की त्यांचं बरं होईल. चार माणसं येतील, काका काका करतील, देवळातला एक कोपरा त्यांचा होईल. रिकाम्या डोणीपाशी उभं राहायची वेळ येणार नाही.

शिवरात्रीच्या पंधरा-वीस दिवस आधी आडातून कासव काढायचं ठरलं. आडात उतरायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. भावजी साठीला आलेले, पण कंबरेला दोर बांधून कपारीत बोटं घालत खाली गेले. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग खालून आरोळी आली, “टोपलं सोडा!”

टोपल्यातून जे वर आलं ते परातीएवढं होतं. अंगावर शेवाळ. कवच एका बाजूनं दबलेलं, चामड्यासारखं मऊ. डोळे मिटलेले. एवढा उजेड त्यानं अडतीस वर्षांत पाहिला नव्हता. बायांनी हळदीकुंकू पुढं केलं. वर आलेल्या भावजींनी ओल्या हातानंच सगळ्यांना मागं सारलं.

हौदाचं थोडं काम बाकी होतं म्हणून शिवरात्रीपर्यंत कासव आमच्या अंगणात, मोठ्या प्लास्टिकच्या टबात. मी कौतुकानं साबुदाणा भिजवून आणला.

भावजींनी वाटी बघितली. “हे काय, वैनी?”

“आज एकादशी ना.”

“तुमची. त्येची न्हाई.” मग कितीतरी महिन्यांनी ते हसले. “त्येला बेडकं लागतात, किडं लागतात, मासळी लागती. तुमी अडतीस वर्सं त्येला माळकरी करून ठिवलं. म्हून तर पाठ अशी लोण्यावानी झालीय.”

मी लाजले, मग घाबरले. देवाच्या जिवाला मी उपाशी मारत होते की काय! ते म्हणाले, “आडात पडलेली बेडकं खाऊन जगलं आसंल. तुमच्या भाकरीवर न्हाई, तुमच्या नजरंआड जगलं.” संध्याकाळी ओढ्यातून चिंगळ्या आणून त्यांनी टबात सोडल्या. मी तोंड फिरवून आत गेले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी आलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला तो आवाज छळायला लागला. टबाच्या कडेला नखं घासत कासव फिरायचं. गोल, गोल, एकाच दिशेनं. मी स्वयंपाक करताना, रामनाम लिहिताना, तो खरखर आवाज. थांबला की वाटायचं मेलं. सुरू झाला की वाटायचं थांबावं.

तिसऱ्या दिवशी लिंबाजी नारळ, टोपी, उपरणं घेऊन आला. “काका, कमिटीनं ठराव केलाय. हौदाचे मानकरी तुमी. शिवरात्रीला सत्कार.”

भावजींनी नारळाला हात लावला नाही. “दुसरा मानूस बघा.”

“आवो, मान हाय हा! अख्खं गाव तुमच्या पाया पडंल.”

“टाकीवर मी काम करनार न्हाई.”

“टाकी न्हाई काका, हौद हाय. देवाचा.”

“पानी तेवढंच, भिंत तेवढीच,” म्हणून ते आपल्या अंगणात निघून गेले.

लिंबाजीचं तोंड उतरलं. माझा मात्र संताप झाला. माझा नवस, माझ्या नातवाच्या नावाचा, आणि घरचाच माणूस खोडा घालतो. दुपारी ते चिंगळ्या घेऊन आले तेव्हा मी तूर निवडत उंबऱ्यात बसले होते. बोलूनच टाकलं. “परक्या मुलखात माशांच्या बादल्या उचलायला कमीपणा वाटला नाही. देवाची सेवा म्हटली की वाटतो होय, भावजी?”

ते टबापाशी उकिडवे बसले. बराच वेळ चिंगळ्या सोडत राहिले. मग माझ्याकडं न बघता बोलू लागले. त्यांना एवढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही.

“तिथं दोन हुते, वैनी. नर अन् मादी. मादीचं कायतरी विंग्रजी नाव हुतं, मी निळी म्हनायचो. गाईला म्हनतो तसं. टाकी म्हनाल तर आपल्या देवळाच्या आवाराएवढी. मलाबी पहिल्यांदा मोठी वाटली. पन समुद्रातून धरून आनलेला जीव तो. तिथं दिसाकाठी परभनीहून नांदेड गाठंल एवढं पवतंय. हितं दोन शेपट्या हानल्या की भिंत. अन् ते आवाजानं बघतंय. त्वांडातून आवाज सोडायचा, तो कशाला लागून मागं आला की कळतंय पुढं काय हाय. टाकीत काय कळनार? चारी बाजूनं आपलाच आवाज.”

“तुमी मारायचात का त्यांना?” मी विचारलं.

“न्हाई. कुनीच मारत न्हवतं. खेळाच्या आधी पोट भरू द्यायचं न्हाई, एवढंच. उडी मारली की मासा. माशाच्या कल्ल्यात मी रोज गोळ्या भरायचो, पोटाच्या. समुद्रात कोन देतंय त्येंला पोटाच्या गोळ्या?”

कासव फिरत होतं. ते त्याच्याकडं बघून सांगत होते.

“भिंती घासताना मी शीळ घालायचो. आपली, बैलाची. सवयीनं. निळी जवळ येऊन थांबायची. एक दिवस तिनं तशीच शीळ घातली, वैनी. उतरती. शेवटाला जरा वळवायची, एवढाच फरक. आपल्या गावची शीळ, त्या मुलखात, त्या जिवाच्या त्वांडातून. मी पान्यातच रडलो.

“पुढं नर मेला. निळीनं खानं सोडलं. नऊ दिस. डागतर आले, साहेब आले, नळी घालून बघितली. कोपऱ्यात नुसती पडून. धाव्या दिवशी साहेबानं मला बादली घिऊन पाठवलं. मी शीळ घातली. ती आली. माझ्या हातानं खाल्लं. साहेबानं माझी पाठ थोपटली, मिठाई दिली. मला लय अभिमान वाटला. चौथ्या दिवशी तिला परत खेळाला जुपली.”

त्यांनी टबातलं पाणी हातानं ढवळलं. मी तूर तशीच हातात धरून.

“तिनं उपास धरला हुता, वैनी. तो मी मोडला. फुडं सहा वर्सं ती दिसाला तीन खेळ करत राहिली, का, तर माझ्या शिळंवर खायाची. मी वंगाळ वागलो आसतो तर टाकी बंद पडली आसती. मी माया केली म्हून चालली.”

“अन् छबूबाईंच्या वेळी?”

“रजा मागितली. साहेब म्हनला, तू गेलास की ती खानार न्हाई. पासपोर्ट त्येच्या कपाटात. छबू गेल्याचा फोन आला तवा हातात मासळीची बादली हुती. फोन ठिवला अन् शीळ घातली. खेळाचा टाईम हुता.”

भिंतीवरची घूस की काय पळाली. मी दचकले.

“मग एक दिस सकाळी गेलो तर टाकी रिकामी. दुसऱ्या गावाला इकली म्हनले. त्याच दिशी साहेबानं माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला.” ते उठले. “तुमच्या हौदाला चांगला मानूस ठिवू नका, वैनी. चांगला मानूस आसला की हौद लय दिस चालतोय.”

ते गेल्यावर मी टबापाशी बसले. अडतीस वर्षं रोज भाकरी कुस्करणारी, मनातलं बोलणारी चांगली बाई कोण होती? त्या आडावर जाळी बसवली तेव्हा मी फक्त एवढंच म्हणाले होते की भाकरी टाकायला भोकं ठेवा.

पण नवस नवस असतो. दुसऱ्या दिवशी मी लिंबाजीला भीत भीत विचारलं, कासव हौदात न ठेवता सोडलं तर? तो हादरलाच. “काकू, लेकराच्या नावानं बोललाव तुमी! मोडला अन् उद्या लेकराला काय झालं तर? मी तर म्हनतो इचार बी मनात आनू नका.” घरी येऊन मी निकिताला फोन केला. नातवाला सर्दी होती. साधी सर्दी. दुसऱ्या दिवशीच्या पानावर रामनाम दोन ओळी चुकलं आहे, अजून दिसतं.

मालकांना सांगितलं. रामप्रसाद त्यांचं नाव, तोंडानं घेत नाही, लिहायला हरकत नाही. ते कमी बोलतात. जेवून सुपारी कातरत म्हणाले, “आपल्या आज्यानं महादेवाला वळू सोडला हुता.”

“मग?”

“सोडला हुता. बांधला न्हवता.”

मला उशिरा उमजलं. आमच्याकडं देवाच्या नावानं वळू सोडतात. तो कुणाच्या दावणीला नसतो. कुणाच्याही रानात चरो, कुठल्या गावाला जावो, त्याला कुणी दावं लावत नाही, कारण तो देवाचा. बांधला तर पाप. मग देवाचं कासव तेवढं आम्ही बांधून का ठेवतो? मी बोलले होते की तुला अंधारातून काढीन आणि हौद बांधीन. अंधारातून काढलं. हौदही बांधून झाला. त्यात त्याला कोंडीन असं मी बोलले नव्हते. तरी भीती गेली असं म्हणणार नाही. ती पदराला बांधूनच मी निघाले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी घमेल्यात ओलं गोणपाट, त्यात कासव, वरून ओलं फडकं. भावजी आणि मी पाथरीच्या जीपमध्ये बसलो. घमेलं माझ्या मांडीवर. शेजारी एक म्हातारी दर्शनाला निघालेली.

“काय हाय गं घमेल्यात?”

“कासव.”

“इकायलीस का? घरात ठिवलं की बरकत येती म्हनं.”

“सोडायला चाललोय. गंगेला.”

“अगं बया, सोडायला कामून? जेवत न्हाई का नीट?”

भावजी खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलताना दिसले. हसत होते.

पाथरीहून रिक्षानं गोदावरीला, आमच्याकडं गंगाच म्हणतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी चांगलं होतं. पलीकडचा काठ धुरकट. मी हळदीकुंकवाची पुडी आणली होती, भावजींनी नको म्हणून मान हलवली, मी ती पाण्याला वाहिली. कासवाच्या पाठीवर फक्त डोकं टेकवलं. ती मऊ पाठ गार लागली. म्हणाले, “माझं चुकलं असेल तर माझ्यावर येऊ दे, लेकरावर नको.”

भावजींनी गुडघाभर पाण्यात जाऊन ते ठेवलं.

ते गेलंच नाही. एवढी मोठी गंगा समोर, आणि ते तिथंच फिरायला लागलं. गोल, गोल. आडाचा जेवढा घेर तेवढाच. जणू चारी बाजूंनी दगड आहेत आणि ते त्याला चाचपडत चाललंय. एक वेढा, दोन, दहा. ऊन चढलं. भावजी पाण्यातच उभे, बोटांवर मोजत. मला बघवेना.

“शीळ घाला ना, भावजी. पुढं व्हा अन् शीळ घाला, तुमच्या मागं तरी जाईल.”

ते माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते. “न्हाई वैनी. शीळ घातली तर माझ्याकडं यील.”

आणि ते पाण्यातून बाहेर आले, माझ्याशेजारी काठावर बसले, ओठ घट्ट मिटून. आम्ही तासन्‌तास बसलो. आणलेली भाकरी कुणी सोडली नाही. परतीची जीप चुकेल म्हणून उठावं लागलं तेव्हाही ते फिरत होतं. मला वाटलं घेर जरा वाढला होता. भावजी म्हणाले, “वाटतंय तसं.” दोघांनाही खात्री नव्हती.

शिवरात्रीला हौद रिकामा राहिला. कारंजं उडालं, लाईट लागली, खाली निळी फरशी. लिंबाजीनं शेवटी त्यात कमळं सोडली. माझ्याशी तो आठ दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. मी नवस बोललेली बाई, माझ्यावर किती दिवस रागावणार? राग सगळा भावजींवर गेला. पारावर ते आले की गप्पा थांबतात. भंडाऱ्याचं आवतण सगळ्या गल्लीला आलं, एक घर सोडून. भावजींनी मला त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. ताट मी भिंतीवरून दिलं.

मी पंकजाला फोन केला. वाटलं, तिला कळलं तर येईल. सगळं सांगितलं, पासपोर्टचं, बादलीचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे काकू, माशानं जेवावं म्हून बाबा थांबले. आईनं काय खाल्लं शेवटच्या दिवसात, ते इचारलं का त्येंनी कधी?” फोन कुणी ठेवला आठवत नाही.

भावजी दर आठवड्याला एकदा गंगेवर जातात. कासव पुन्हा दिसलं नाही. मी विचारलं, “मेलं असेल का हो?”

“आसंल. नाहीतर खाली गेलं आसंल बंधाऱ्याकडं.” मग चपला झटकत म्हणाले, “निळीचं कळत न्हाई म्हून मला झोप न्हाई. ह्येचं कळत न्हाई, तरी येती. कामून ते सांगता येत न्हाई.”

नातवाची सर्दी गेली. तरी रोज सकाळी फोन केल्याशिवाय माझा चहा उतरत नाही. पूजा झाली की हात आपोआप भाकरी कुस्करतो, आडापर्यंत जाते, आणि जाळीपाशी उभं राहिल्यावर आठवतं. पाण्यावर गोल उठत नाही. बोलायला तोंड उघडतं आणि तसंच मिटतं.

आज पहाटे पान भरून झालं तेव्हा सवयीनं कान भिंतीकडं लागले. शीळ नव्हती. पण खराट्याचा आवाज आला, मग पाचोळा ओढल्याचा, मग घागरीतून पाणी ओतल्याचा. एक, दोन, तीन घागरी. मी स्टुलावर चढून भिंतीवरून पाहिलं. डोणी धुऊन काठोकाठ भरली होती आणि भावजी दार लोटून आत निघून गेले होते. अंगणाचं फाटक उघडं.

मी वहीत लिहिलं, ‘भावजींनी डोणी भरली.’ दुपारी धुणं वाळत घालताना पुन्हा डोकावले. पाणी चार बोटं उतरलं होतं. कोण पिऊन गेलं ते काही दिसलं नाही.